आधी आईचं बीपी बघा, लसीचं मग बोलू

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आई ५४ वर्षांच्या, बार्शीला असतात, आठ वर्षांपासून आमवात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) रोज, आणि "सकाळी एक छोटी पांढरी गोळी, ५ ची" जी दोन वर्षं चालू होती. एप्रिल २०२१ मध्ये गल्लीत कोरोनाचे पेशंट निघाले, आत्यांनी सांगितलं की या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती मरते, म्हणून मेथोट्रेक्सेट आणि एचसीक्यू बंद करून गुळवेलीचा काढा सुरू केला. पांढरी गोळी तीनेक आठवड्यांपूर्वी संपली ती परत आणलीच नाही. आता हाताची बोटं आणि गुडघे सुजलेत. तुमचा प्रश्न असा की प्रतिकारशक्ती वाढवायला काय द्यावं आणि या अवस्थेत लस द्यावी का.

आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही एक ओळ टाकलीये: "आठ-दहा दिवसांपासून मळमळतं, अंथरुणातून उठलं की चक्कर येते, पण ते अशक्तपणामुळे असेल."

मी गेली २२ वर्षं संधिवाताचेच पेशंट बघतेय. खरं सांगू का, माझ्या दृष्टीने तुमचा प्रश्न तोच आहे, ती शेवटची ओळ. लस, काढा, सगळं नंतर.

ती छोटी पांढरी गोळी बहुतेक प्रेडनिसोलोन असणार, म्हणजे स्टेरॉईड. रिकामी पट्टी किंवा जुनी चिठ्ठी सापडली तर नाव वाचून खात्री करा. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या रोज स्वतःचं स्टेरॉईड बनवतात, साधारण प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमच्या आसपास भरेल एवढं. बाहेरून तेवढीच गोळी महिनोन्‌महिने येत राहिली की ग्रंथी काम सोडून देतात. रोज खानावळीचा डबा येत असेल तर घरातली चूल थंड पडते ना, तसंच. आणि एक दिवस डबा अचानक बंद झाला तर चूल काही त्याच दुपारी पेटत नाही, कधीकधी महिने लागतात. मग काय होतं, तर मळमळ, उलटी, उठल्यावर चक्कर, अंगात त्राण नसणं, जेवण नको वाटणं, बीपी कमी, रक्तातलं सोडियम कमी. घरच्यांना वाटतं अशक्तपणा, सलाईन लावून आणतात, दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच. एरवी हे असं रेंगाळत राहतं पण त्यात ताप किंवा इन्फेक्शन आलं, मग ते कोरोना असो नाहीतर साधे जुलाब, तर बीपी एकदम कोसळू शकतं आणि त्यात जीव जाऊ शकतो.

मी इथून बसून सांगू शकत नाही की आईंना हेच झालंय. काढ्याने लिव्हरवर सूज आली असेल, पेनकिलरने पित्त झालं असेल, कोरोनाच असेल, सगळं शक्य आहे, कोरोनाची टेस्टही करूनच घ्या. पण आज, उद्या नाही, आज त्यांना जवळच्या एमडी डॉक्टरांकडे न्या आणि दारातच हे वाक्य सांगा: "दोन वर्षं प्रेडनिसोलोन ५ चालू होती, तीन आठवड्यांपूर्वी एकदम बंद झाली." बाकी इतिहास नंतर. डॉक्टर झोपवून आणि मग उभं करून बीपी बघतील, शुगर, सोडियम-पोटॅशियम करतील. वरचं बीपी ९० च्या खाली असेल, उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल किंवा आई गुंगीत वाटत असतील तर ओपीडीत नंबर लावून बसू नका, थेट ॲडमिट करा. तिथे हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन लागतं, वेळेत मिळालं तर माणूस काही तासांत बोलायला लागतो.

हे झालं की मग पुढचं वाचा.

आता प्रतिकारशक्तीबद्दल. हा शब्द गेल्या सव्वा वर्षात एवढा घासला गेलाय की ऐकला तरी मला कसंतरी होतं. लोकांच्या डोक्यात चित्र असं असतं की प्रतिकारशक्ती म्हणजे टाकी, भरलेली चांगली आणि रिकामी वाईट. आमवातात टाकी रिकामी नसतेच. पहारेकरी आहेत, भरपूर आहेत, फक्त ते घरच्याच माणसांना चोर समजून बडवतायत. मेथोट्रेक्सेट, एचसीक्यू या गोळ्या त्या पहारेकऱ्यांना आवरतात. तुम्ही गोळी बंद करून काढा देऊन "प्रतिकारशक्ती वाढवली" तर वाढणार काय, तर बडवणं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी फक्त गोळ्यांची वकिली करतेय असं वाटेल. धोका खोटा नाहीये. या आजारात इन्फेक्शनचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतोच आणि काही औषधं तो वाढवतात. पण सगळी औषधं एका मापात तोलू नका. २०२० मध्ये जगभरच्या संधिवाताच्या पेशंटची माहिती एकत्र केली गेली, त्यात दिसलं की रोज १० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांना कोरोना झाला तर ॲडमिट व्हावं लागण्याचं प्रमाण जास्त होतं. रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं पुढे जास्त बिघडतं हेही दिसलं. एकट्या मेथोट्रेक्सेट किंवा एचसीक्यूचा तसा वाईट परिणाम दिसला नाही. आणि आणखी एक, जे कुणी सांगत नाही: भडकलेला आमवात हाच मुळात इन्फेक्शनचा धोका वाढवतो. म्हणजे गोळी बंद करून तुम्ही धोका कमी करत नाही, फक्त वेगळ्या दाराने आत घेता.

ते दार कुठलं ते सांगते. माझे एक पेशंट, शाळेत शिक्षक, २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांनी अशाच भीतीने मेथोट्रेक्सेट बंद केलं. लॉकडाऊन, ओपीडी बंद, फोन करायला संकोच. जूनपर्यंत गुडघे असे सुजले की संडासला जायला दोन माणसं लागायची. मग गावातच कुणीतरी "वाताचं इंजेक्शन" द्यायला सुरुवात केली, दर चार दिवसांनी एक. ऑगस्टमध्ये माझ्याकडे आले तेव्हा चेहरा गोल झालेला, शुगर ३८०, आयुष्यात कधी डायबेटिस नव्हता. ते इंजेक्शन म्हणजे स्टेरॉईडच होतं, मोठ्या डोसचं. म्हणजे आठवड्याच्या चार गोळ्यांना घाबरून माणूस त्याच्या कितीतरी पट धोक्याच्या औषधावर जाऊन पोचला. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) पेशंट वाढले तेव्हा मला पहिले ते सर आठवले, कारण वाढलेली शुगर आणि स्टेरॉईड ही जोडी त्या बुरशीला आयतं खतपाणी आहे. सर सुदैवाने वाचले त्यातून.

स्टेरॉईडचं लोकांना फार गोंधळात टाकणारं झालंय हेही मान्य. एकीकडे मीच म्हणते १० च्या वर नको, दुसरीकडे कोरोनाच्या वॉर्डात डेक्सामेथासोन हे स्टेरॉईडच देतात. दोन्ही बरोबर आहे. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं की ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागणाऱ्यांमध्ये त्याने मृत्यू कमी होतात, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना काहीच फायदा नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "कोरोना किट" मधली स्टेरॉईडची गोळी घरी पहिल्या दिवशी चालू करायची नाही. आणि आईंची रोजची ५ ची गोळी हा तिसराच विषय, ती कोरोनासाठी नाही आणि कोरोना झाला म्हणून बंदही करायची नाही. उलट तापात शरीराला स्टेरॉईड जास्त लागतं म्हणून काही दिवस डोस वाढवावा लागतो, किती ते त्यांचे डॉक्टर ठरवतील, पण हे आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा.

एचसीक्यूचीही एक गंमत झाली, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. मार्च २०२० मध्ये कोरोनावर ती चालते अशी हवा झाली, आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून घ्या असं सरकारनेही सांगितलं, आणि आठ दिवसांत मेडिकलमधून ती गायब. धडधाकट लोकांनी पाच-पाच पट्ट्या घरात भरून ठेवल्या आणि माझी एक पेशंट, ल्युपसची (आमवातासारखाच, शरीर स्वतःवर उलटणारा आजार) चोवीस वर्षांची पोरगी, जिची किडनी त्या औषधाच्या आधारावर टिकली होती, तिचे वडील मोटरसायकलवर तीन तालुके फिरले. पोलीस अडवायचे तेव्हा ते मुलीची फाईल उघडून दाखवायचे. पुढे ट्रायलमध्ये कळलं की कोरोनावर तिचा उपयोग नाही, मग लोकांनी त्याच पट्ट्या फेकून दिल्या, आणि आता कोरोनाच्याच भीतीने तुमच्या आईंनी तीच गोळी बंद केली! असो. एचसीक्यू परत चालू करायला सहसा काही अडचण नसते, डॉक्टरांना विचारा आणि करा.

मेथोट्रेक्सेटचं मात्र तसं नाही. दोन महिन्यांच्या खंडानंतर, वर काढा, वर मळमळ, असं असताना जुना डोस काढून गिळायचा नाही. आधी सीबीसी (रक्तपेशी), एलएफटी (लिव्हर) आणि क्रिएटिनिन (किडनी) या रक्ताच्या तपासण्या करा. काढा आजपासून बंद. माझ्याकडे गेल्या वर्षी दोन पेशंट असे आले की ज्यांचं एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतला आकडा) काढ्यावर असताना वाढलं आणि काढा बंद केल्यावर खाली आलं. दोन पेशंटवरून मी शास्त्र सांगत नाही, पण मेथोट्रेक्सेट स्वतःच लिव्हरवर लक्ष ठेवून द्यायचं औषध आहे, त्यात दुसरी अनोळखी गोष्ट मिसळली की काय कशाने वाढलं हेच कळत नाही. हळदीचं दूध प्यायला माझी ना नाही, ते प्या.

आणि हे पाठ करून ठेवा: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज नाही. वाचायला सोपं वाटतं पण लॉकडाऊनमध्ये मेडिकलवाल्याने पाकिटावर सवयीने "रोज १" लिहिलं आणि माझी एक पेशंट आजी तोंडात फोड, रक्तातल्या पेशी खाली अशा अवस्थेत आयसीयूत गेली. मी पेशंटना वार ठरवून देते आणि कॅलेंडरवर, ते भिंतीवरचं तिथी-वाराचं असतं ना, त्यावर लाल गोल करायला लावते. दुसऱ्या एका वारी फॉलिक ॲसिड. आईंचा वार कुठला होता ते विचारा, बहुतेक बायका उपासाचा वार धरतात कारण तो विसरत नाही, फक्त रिकाम्या पोटी घ्यायची नाही एवढं.

आता माझी चूक सांगते. २०२० च्या सुरुवातीला मी सगळ्यांना फोनवर एकच सांगत होते, घाबरू नका, गोळ्या चालू ठेवा. तापात काय करायचं हे सांगायचं राहून गेलं. एक बाई दोन आठवडे १०१ ताप असताना इमाने इतबारे मेथोट्रेक्सेट घेत राहिल्या, कारण "मॅडम म्हणाल्या बंद करायचं नाही". पांढऱ्या पेशी घसरल्या. त्या बऱ्या झाल्या पण तेव्हापासून मी नियम दोन भागांत सांगते. तब्येत बरी असताना भीतीपोटी काहीही बंद करायचं नाही. ताप आला किंवा कोरोना पॉझिटिव्ह आला तर मेथोट्रेक्सेट आणि बायोलॉजिकल इंजेक्शनं (रिटुक्सिमॅबसारखी) बरं होईपर्यंत थांबवायची, स्टेरॉईड थांबवायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

लसीचं. हो, द्यायची. २०२१ मध्ये आपल्याकडे मिळणाऱ्या कोविशील्ड, कोव्हॅक्सिन, दोन्हींमध्ये शरीरात वाढू शकेल असा जिवंत विषाणू नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबलेल्यांना लसीनेच कोरोना होईल ही भीती नको. ४५ च्या वरच्यांना ती १ एप्रिल २०२१ पासूनच चालू झाली होती, आईंचे तीन महिने फुकट गेले. प्रश्न असतो तो लस किती लागू पडेल याचा. मेथोट्रेक्सेटवर अँटिबॉडी काहीशा कमी बनतात, रिटुक्सिमॅबवर फारच कमी. म्हणून आजार शांत असेल तर आम्ही लसीनंतर एक आठवडा, कधी दोन, मेथोट्रेक्सेटचा डोस वगळायला सांगतो. रिटुक्सिमॅबवाल्यांनी पुढच्या इंजेक्शनच्या साधारण महिनाभर आधी लस बसवायची, त्यांचं गणित वेगळं, डॉक्टरांबरोबर तारखा मांडूनच करा. तुमच्या आईंचं मेथोट्रेक्सेट आत्ता बंदच आहे, तर चक्कर-मळमळीचा छडा लागून बीपी ठीक झालं की चार-पाच दिवसांत स्लॉट मिळत असेल तर आधी लस आणि आठवड्याने मेथोट्रेक्सेट, असं मी माझ्या पेशंटला सांगितलं असतं. पण स्लॉटसाठी तीन आठवडे थांबायचं असेल तर थांबू नका, सांधे आधी आवरा. हा निर्णय सांधे किती भडकलेत त्यावर आहे आणि ते हात लावून बघणाऱ्यालाच कळतं.

लसीनंतर अँटिबॉडी टेस्ट करू नका प्लीज. आकडा मोठा आला की लोक मास्क काढतात, शून्य आला की रडत फोन करतात, आणि दोन्हीवरून संरक्षणाचं नक्की काही सांगता येत नाही.

त्यापेक्षा घरातल्या बाकीच्यांची लस. तुम्ही लिहिलंय वडिलांचं घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान आहे आणि भाऊ माल आणतो. मला विचाराल तर आईंचा कोरोना गोळ्यांमधून येणार नाही, त्या दुकानातून येईल. वडिलांचा एक डोस झालाय, कोविशील्ड असेल तर २०२१ च्या मे महिन्यातल्या नियमाप्रमाणे दुसरा १२ ते १६ आठवड्यांनी, तारीख चुकवू नका. भाऊ १८ च्या वरचा आहे, त्या वयाची लस २०२१ मध्ये सुरू झालीये, त्याला पहाटे रांगेत उभा करा. आईंना लस कमी लागली तरी त्यांच्याभोवतीची माणसं झाकलेली असली तर बराच फरक पडतो.

आई-वडिलांनी एका घरात सहा फूट लांब राहायचं हे मला सांगवत नाही, बार्शीच्या तीन खोल्यांत ते होत नाही. जे होतं ते करा. दुकान आणि घर यांच्यामधलं दार बंद आणि दुकानाची पुढची बाजू सताड उघडी. गिऱ्हाईक उंबऱ्याच्या बाहेर, टेबल आडवं टाकून. वडील गल्ल्यावर बसतात तेव्हा एन ९५, नाकावर, हनुवटीवर नाही. आईंची झोपायची खोली ती जिला दोन बाजूंनी हवा येते. भाजी सोड्याने धुणं, पिशव्या उन्हात टाकणं, नोटांना इस्त्री करणं यात शक्ती घालवू नका, हा रोग मुख्यतः श्वासातून, कोंडलेल्या हवेतून पसरतो. परवाच्या वटपौर्णिमेला मी बघितलं, बायका हात सॅनिटाईज करून फेऱ्या मारत होत्या आणि मग एका बंद ओसरीत पंधरा जणी मास्क काढून चहाला बसल्या. झाडाखालचं चाललं असतं हो, ओसरी नको होती.

ऑक्सिमीटर घरी आहे म्हणालात, चांगलंय, पण आमवाताच्या पेशंटमध्ये तो फसवतो. वाकडं, सुजलेलं किंवा गार पडलेलं बोट असेल तर चिमटा नीट बसत नाही आणि ८७ दाखवतो, घरात आरडाओरडा. हात कोमट पाण्यात बुडवून, पुसून, सगळ्यात सरळ बोट निवडा, मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आणि आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या. आत्ता बरं असतानाच कुठल्या बोटावर किती येतो ते लिहून ठेवा. सहा मिनिटं चालून ऑक्सिजनचा आकडा उतरतो का ते बघायची टेस्ट आईंना गुडघ्यांमुळे जमणार नाही, त्याऐवजी खुर्चीतून उठ-बस, जमेल तितकी, एक मिनिट. तीही चक्कर थांबल्यावरच, आणि शेजारी कुणीतरी उभं राहून. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा उठ-बस केल्यावर आधीपेक्षा तीनने उतरला तर दवाखाना. आणि हो, स्टेरॉईडवर असलेल्यांना ताप नीट चढत नाही, त्यामुळे "ताप नाही म्हणजे कोरोना नाही" हे आईंना लागू नाही. नुसता खोकला, नुसता गळाठा, चव जाणं, एवढ्यावर टेस्ट.

फ्लूची आणि न्यूमोनियाची लसही विचारून घ्या, घाई नाही, पावसाळ्यात कधीही.

आत्यांवर चिडू नका. आमच्या गोळ्यांच्या कागदावर "इम्युनोसप्रेसंट" छापलेलं असतं, ते वाचून डॉक्टरची बायकोसुद्धा घाबरते, मला माहितीये कारण त्यातल्या दोघी माझ्या पेशंट आहेत. आणि आईंना रागावू तर अजिबात नका, नाहीतर पुढच्या वेळी बंद केलेली गोळी त्या तुम्हाला सांगणारच नाहीत. मी पेशंटना एकच अट घालते, बंद करायची तर करा पण आधी मला फोन करून भांडा. निम्मे लोक भांडून झाल्यावर गोळी घेतात.

तुम्ही पुण्याहून निघून पोचेपर्यंत चार तास जातील. त्याआधी भावाला फोन लावा, त्याला म्हणावं दुकान तासभर वडिलांवर सोड आणि आईला घेऊन जा, रिकामी पट्टी खिशात टाकून. बीपी झोपून किती आणि उभं राहून किती, दोन्ही आकडे मला कळवा.